चार रात्रींची जागा

वस्तीतले एखादे पोर घराबाहेर पडले की पहिल्या रात्री ते फार लांब जात नाही. सार्वजनिक संडासाच्या ओट्यावर, विहाराच्या पायरीवर, बंद टपरीच्या मागे, नाही तर मित्राच्या उभ्या रिक्षात ते पडलेले असते. सगळ्या गल्लीला हे माहीत असते. दुसऱ्या रात्री ते स्टेशनवर जाते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला ‘चल, काम देतो’ म्हणणारा कुणीतरी भेटतो, किंवा पंक्चरच्या सोल्यूशनची पिशवी पुढे करणारा. मुलगी असेल तर तेवढाही वेळ लागत नाही. आणि महिनाभराने आपण नळावर बोलतो, ‘पोरगं वाया गेलं.’

या पानावर आम्ही डेंग्यू, क्षयरोग, साखरेचा आजार यांवर लिहितो. आज या तीन-चार रात्रींवर लिहीत आहोत, कारण हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : तेरा ते अठरा-एकोणीस वयाच्या मुलामुलीवर घर सुटायची वेळ आली, तर पहिल्या काही रात्री त्याला ओळखीच्या घरात, चार माणसांना सांगून, उघडपणे जागा मिळाली पाहिजे. कायमची नाही. दत्तक घ्या असे आम्ही म्हणत नाही. चार रात्री, कधी आठवडा, कधी परीक्षा संपेपर्यंत.

ही मुले अनाथ असतात असा एक समज आहे. बहुतेकांना आईबाप असतात. बाप पिऊन आला की हात उचलतो, म्हणून पोरगा बाहेर पडतो. आईने दुसरे घर केले आणि तिथे याला थारा नाही. दहावीचा निकाल लागला आणि घरी जायची हिंमत नाही. आई केईएममध्ये नाही तर ससूनमध्ये भरती, सोबतीला बाप, आणि इकडे खोलीचे भाडे थकले म्हणून मालकाने कुलूप घातले. पाडकाम झाले, मोठी माणसे सामानाजवळ प्लास्टिक बांधून बसली, वयात आलेल्या पोरीला कुठे झोपवायचे हा प्रश्न. सोळाव्या वर्षी लग्न ठरवले म्हणून पळून आलेली मुलगी. वागणे-बोलणे मुलीसारखे आहे म्हणून भावांनी मारून हाकललेला मुलगा. या प्रत्येकाला रात्री नऊ वाजता एकच प्रश्न असतो, आता झोपायचे कुठे? समुपदेशन, शाळा, कायदा, योजना हे सगळे उद्या सकाळी येते. रात्र मध्ये असते.

‘जागा कुठे आहे आपल्याकडे?’ हा पहिला प्रश्न, आणि तो खोटा नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे असतील तर सातवे आडवे व्हायचे कुठे? पण जागा पाळीने करायची पद्धत आपल्या लोकांची जुनीच आहे. परळच्या चाळीत बाबासाहेबांच्या घराला एकच खोली होती. लहान भीमाला वडील लवकर झोपवत, रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवत आणि मग त्या जागेवर स्वतः पाठ टेकत. गिरणीच्या काळात पाळीवरून आलेला माणूस पाळीवर गेलेल्याच्या वळकटीवर झोपायचा. आपल्यापैकी कितीकांचे आजोबा गावाहून आले ते कुणाच्या तरी पोटमाळ्यावरच उतरले होते. तेव्हा ‘जागा नाही’ हे उत्तर देण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकदा खोलीकडे नीट बघावे. माळ्यावरचे न लागणारे सामान चार दिवस शेजारी ठेवले तर एक माणूस झोपतो.

दुसरी गोष्ट जागेपेक्षा अवघड आहे. नकार देताना आपण वाईट वागत नाही, गोड वागतो. बडोद्याची हकिकत आपल्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. त्या काठ्या आपल्या लक्षात राहतात. पण त्याच दिवशी त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला होता. एक म्हणाला, तू घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, बायको उद्या परत येणार आहे, तिला विचारून सांगतो. दोघांनीही शिवी दिली नाही, दार आपटले नाही. आणि बाबासाहेब कामाठी बागेत पाच तास बसून रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले. ते तेव्हा पंचविशी ओलांडलेले, मोठ्या पदव्या घेतलेले होते. आपल्या पायरीवर बसलेले पोर पंधरा वर्षांचे आहे. ‘बाळा, आमच्याकडे पाहुणे आहेत रे’ हे वाक्य त्यालाही कळते.

तिसरा प्रश्न पोलिसांचा. ‘उगाच लफड्यात कोण पडणार?’ इथे भीती रास्त आहे, म्हणून कायदा नीट समजून घेऊ. मूल ओळखीचे असेल आणि आईबापांची संमती असेल, तर ते पाहुणे आहे. तरी दोन शेजाऱ्यांसमोर आईबापांशी बोला, फोन नंबर घ्या, कागदावर तारीख आणि सही घ्या. आई रुग्णालयात असेल तर नातेवाइकांना सांगा. मूल अठरा वर्षांखालचे आणि एकटे आहे, आधाराला कुणी नाही, हरवलेले किंवा टाकलेले आहे, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे चोवीस तासांच्या आत कळवावेच लागते. १०९८ हा मुलांसाठीचा फोन रात्रंदिवस चालतो, फुकट लागतो. जवळचे पोलीस ठाणे, जिल्ह्याची बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कुठेही कळवले तरी चालते. न कळवणे हा गुन्हा आहे. घरचा मार खाऊन आलेल्या पोराचे आईबाप संमती देत नसतील तेव्हाही हाच रस्ता. त्यांना न सांगता, कुणालाच न कळवता मूल ठेवून घेतले तर अपहरणाची तक्रार होऊ शकते. म्हणून लपवून ठेवणे हे चांगुलपणाचे काम नाही. त्यात मुलाचा घात आहे आणि आपलाही.

फोन केला की मुलाला लगेच उचलून नेतील, ही भीती मुलालाही असते. खरे असे आहे की निर्णय समितीचा असतो. चौकशी चालू असताना मुलाला कुठे ठेवायचे हे समिती ठरवते. ते बालगृह असू शकते, तसेच समितीने ‘योग्य व्यक्ती’ म्हणून मान्य केलेले घरही असू शकते. ‘आम्ही याला सांभाळायला तयार आहोत’ असे लेखी सांगायला तिथे कुणी गेलेच नाही तर समितीने काय करावे? समिती बसलेली नसेल त्या दिवशी एका सदस्यासमोरही मुलाला हजर करता येते. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो. ठाण्यात गेलात तर त्याचेच नाव विचारा, आणि एकट्याने जाऊ नका.

मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली ते कळवणे सक्तीचे आहे. ‘घरातली गोष्ट घरात’ हे इथे चालत नाही. पण हाच कायदा असेही सांगतो की मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचे नाही, जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात न येता. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. सरकारी असो की खाजगी, रुग्णालयाने उपचार मोफत द्यायचे. हे आपल्याला माहीत आहे असे दिसले की समोरचा माणूसही जरा नीट बोलतो, हा आमचा अनुभव.

आता पहिल्या रात्रीचे. मूल दोन दिवसांचे उपाशी असेल तर आनंदाच्या भरात मटण-भाकरी वाढू नका. मऊ भात-वरण, खिचडी, मीठ-साखरेचे पाणी, तेही थोडे थोडे. आंघोळीला कोमट पाणी आणि घरातल्या कुणाचे तरी धुतलेले कपडे द्या. संडास कुठे आहे ते दाखवा. वस्तीत संडास लांब असतो, तेव्हा मुलगी असेल तर रात्री सोबत जा, आणि तिने मागायच्या आत पॅड हातात द्या. मग झोपू द्या. ‘काय झालं? कुणी मारलं? तूच काहीतरी केलं असशील’ ही उलटतपासणी त्या रात्री नको. एवढेच सांगा, ‘इथे कुणी मारणार नाही. सकाळी आपण मिळून ठरवू. कुणाला कळवावं लागलं तर तुला सांगून कळवू.’ हे तिसरे वाक्य फार महत्त्वाचे आहे. पाठीमागे फोन झाल्याचे कळले की पोर पहाटे निघून जाते.

पुढचे दोन-तीन दिवस ते बारा-चौदा तास झोपेल. ही आळशी सवय नव्हे. जे शरीर रात्री एक डोळा उघडा ठेवून झोपत होते ते आता भरपाई करते. काही मुले उशीखाली चपात्या लपवतात. चौदा वर्षांचा मुलगा अंथरूण ओले करतो. भांडे पडले तरी दचकतो, किंवा उगाच अंगावर येतो. हसू नका, गल्लीत सांगू नका. गोधडी वाळत घाला आणि विषय सोडा. हातावर ब्लेडचे व्रण दिसले तर आरडाओरडा न करता शांतपणे विचारा, जीव द्यावासा वाटतो का. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उंदराचे औषध, फिनेल, घरातल्या गोळ्या नजरेआड उंच ठेवा. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येते, मूल स्वतः बोलू शकते आणि तुम्हीही.

अंगाच्या तक्रारींसाठी आशाताईला बोलवा. खरूज आणि उवा जवळपास ठरलेल्याच. खरजेचे औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचे असते, कपडे-गोधड्या गरम पाण्यातून काढून उन्हात टाकायच्या असतात, नाहीतर ती घरभर फिरत राहते आणि दोष पोराला लागतो. दोन आठवड्यांवरचा खोकला असेल तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. ती आधी करा, कारण बंद खोलीत सगळेच एका हवेत झोपतात. चेहरा पांढुरका, चढ चढताना धाप, पाळीला फार रक्त जाते, तर रक्ताची तपासणी आणि किशोरवयीनांसाठीची निळी लोहाची गोळी. उघडी जखम असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन. सरकारी रुग्णालयांत या वयाच्या मुलांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ असते. तिथे त्यांना एकटे बोलता येते.

सोल्यूशन, व्हाइटनर किंवा दारूची सवय असलेल्या मुलाला मारून ती सुटत नाही. थरथर, घाम, भास किंवा फिट आली तर घरी उपाय नको, रुग्णालय. फिट आलेल्याला चप्पल-कांदा हुंगवणे आणि तोंडात चमचा घालणे आपल्याकडे अजून चालते. ते थांबवा. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, वेळ बघा, आणि गाडी बोलवा. १०८ मोफत आहे.

आता एक कटू गोष्ट. प्रत्येक घराने हे करू नये. ज्या घरात कुणी रोज पिते, ज्या घरात बाईवर हात उचलला जातो, ज्या माणसाबद्दल गल्लीतल्या बायका मुलींना ‘त्याच्या जवळ जाऊ नको’ म्हणून सांगतात, त्या घरात परके मूल ठेवू नका, मग तो माणूस मंडळाचा पदाधिकारी का असेना. आधीच एकदा मार खाल्लेल्या, कुणाचा आधार नसलेल्या मुलावर हात टाकणे सोपे असते, आणि टाकणाऱ्याला ते ठाऊक असते. म्हणून झोपायची जागा आधी ठरवा. मुलगी घरातल्या बाईजवळ. मुलगा घरात वयात आलेल्या मुली असतील तर शेजारच्या घरी किंवा दाराजवळ. पाहुणे मूल आणि घरातला कुणी मोठा, कडी लावून दोघेच, असे कधीच नको. आपल्या मुलांनाही आधी विचारा. ज्या पोरीची गोधडी वाटून घ्यायची आहे ती ‘मला नको’ म्हणाली तर ते ऐकले पाहिजे. तिला गप्प करून दुसऱ्याचे भले करण्यात अर्थ नाही.

आणि आलेल्या मुलाला कामाला लावू नका. आपल्या ताटाची भांडी सगळी घासतात तशी त्यानेही घासावी, तेवढेच. ‘शिकवतो, सांभाळतो’ म्हणून मोठ्या घरांत नेलेल्या आपल्या पोरींनी तिथे फरशाच पुसल्या, हे आपण विसरलेलो नाही. चौदा वर्षांची पोर आली म्हणजे तान्हे सांभाळायला फुकट माणूस मिळाले असे होऊ नये. तिची जात विचारू नका. ती वडार असेल, पारधी असेल, मुसलमान असेल. संध्याकाळी घरात वंदना होते तेव्हा तिला बसावेसे वाटले तर बसेल, नाही तर पुस्तक वाचेल.

खर्चाचेही बोलू. हातावर पोट असलेल्या घराला एक ताट जास्तीचे म्हणजे खरेच भार आहे, आणि चौदा-पंधराचे पोर खाते किती हे आयांना सांगायला नको. म्हणून एका घरावर हे टाकू नये. झोपायला एक घर, दुपारचे जेवण दुसऱ्याकडे, शाळेत सोडायला तिसरा, पोलीस ठाण्यात आणि समितीपुढे सोबत जायला चौथी. गल्लीत चार घरे ठरली की कुणाचीच कंबर मोडत नाही, आणि चार घरांचे डोळे असल्याने मूलही सुरक्षित राहते. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह उघडले. मुलाने शिकायचे तर आधी त्याला राहायला जागा हवी, ही साधी गोष्ट त्यामागे होती. आपल्याला इमारत काढायची नाही, चार अंथरुणे जुळवायची आहेत.

मुक्काम लांबला तर सरकारची दारे ठोठवावी लागतात. आईबाप नसलेल्या, किंवा एकच पालक असलेल्या, आजारपणाने घर मोडलेल्या मुलांसाठी क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये मिळतात. नातेवाइकाकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात राहणाऱ्या मुलालाही ते मिळू शकतात. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात. दहावी झालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी समाज कल्याणची वसतिगृहे आहेत. तिथे नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत खात्यावर येतात. अटी बऱ्याच आहेत, त्या कार्यालयात विचारून घ्याव्या आणि ‘पुढच्या वर्षी या’ हे उत्तर लेखी मागावे. बालगृहातून अठरा पूर्ण झाले म्हणून बाहेर पडलेल्यांसाठी एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची तरतूद त्याच २०१५ च्या कायद्यात आहे. ही मुले हातात एक पिशवी घेऊन आपल्याच वस्त्यांत खोली शोधत फिरतात आणि एकट्या पोराला कुणी भाड्याने देत नाही. त्यांनाही हेच लागू आहे, फक्त ती सज्ञान आहेत म्हणून कळवण्याची सक्ती नाही.

जायची वेळ आली की नीट पाठवा. मूल आईबापांकडे परत जात असेल तर जाण्याआधी मोठ्या माणसांनी त्या घरी जाऊन बसावे, बापाला चार शब्द सांगावेत, आणि आठ दिवसांनी कुणीतरी सहज डोकावून यावे. समितीने परत पाठवले असेल तरी डोकावून यावेच. पोराला सांगावे, ‘परत मारलं तर स्टेशनवर जाऊ नको, इकडे ये. रात्री दोन वाजले तरी कडी वाजव.’

वर्षावासात संध्याकाळी विहारात माणसे जमतात. आमची विनंती आहे की यंदा एका संध्याकाळी वाचन झाल्यावर हा विषय काढा. एक वही करा. कोणत्या चार घरांत जागा होऊ शकते, मुलीसाठी कुठली, मुलासाठी कुठली, ते बायकांनी बायकांत बोलून ठरवावे. १०९८, १४४१६, १०८, पोलीस ठाण्यातल्या बाल कल्याण अधिकाऱ्याचा आणि आशाताईचा नंबर पहिल्या पानावर. विहाराच्या कपाटात दोन धुतलेल्या गोधड्या, दोन टॉवेल, साबण, पॅडचे एक पाकीट आणि मध्यम मापाचे दोन जोड कपडे. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे गल्लीतल्या पोरांनाही माहीत असू द्या.